मुकादमाचं ऑपरेशन आणि माझी दोन दारं

आमच्या कुत्र्याची नसबंदी करायची की नाही, यावर आमच्या इमारतीत जेवढी चर्चा झाली तेवढी गच्चीच्या गळतीवर झाली असती, तर वरच्या मजल्यावरच्या माणसांना आज घरात छत्री उघडून टीव्ही बघावा लागला नसता. पण गळतीत कुणाची मर्दानगी अडकलेली नसते. कुत्र्यात अडकली होती. तीसुद्धा कुत्र्याची नव्हे, बाकीच्यांची.

नसबंदी हा शब्द मी सरळ वापरतोय, कारण त्या काळात तो कुणीच सरळ वापरला नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर ‘ते काम’ म्हणायचे. सोसायटीचे चेअरमन ‘तो विषय’ म्हणायचे आणि म्हणताना जिन्यात बायका नाहीत ना हे बघून घ्यायचे. माझा मेव्हणा नुसता डोळा मिचकावायचा. तीन पोरांचा बाप, पण तोंडातून शब्द फुटेना. सरळ बोलल्या त्या फक्त माझी बायको आणि माझी मुलगी, आणि त्यांचं ऐकायचं नाही असं आम्ही पुरुषांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

कुत्र्याचं नाव मुकादम. लहानपणापासून तो गॅलरीच्या कठड्यावर पुढचे दोन पाय टेकून उभा राहायचा आणि खाली जो कोणी काम करत असेल त्याच्यावर लक्ष ठेवायचा. स्वतः काडीचं काम करायचा नाही. दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. मुलगी एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, त्या दुकानाच्या मागे खोक्यांच्या ढिगात हे पिल्लू तिला सापडलं. आता तो दीड वर्षाचा झाला होता. एक कान उभा, एक पडलेला, अंगाने दणकट आणि डोक्याने माझ्यावर गेलेला, असं बायको म्हणते.

आमच्या समोरून मोठा रस्ता जातो. बस, ट्रक, टँकर, सगळे तिथून असे जातात की जणू पुढच्या चौकात फुकट काहीतरी वाटतायत. रस्त्याच्या पलीकडे गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात आणि त्यांच्याकडे एक पांढरी कुत्री आहे. ती माजावर आली. ही बातमी आम्हाला कुणी सांगितली नाही, पण मुकादमाला वाऱ्याने सांगितली. त्याने जेवण टाकलं, गॅलरीतली देखरेख टाकली, दाराशी नाक लावून हुंदके द्यायला लागला. एका संध्याकाळी बायकोने कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं आणि तो तिच्या पायांतून सुटला.

मुलगी नेमकी तेव्हा कामावरून येऊन बसस्टॉपवर उतरत होती. तिने बघितलं ते असं: आपला कुत्रा, त्याच्या नाकापुढे बसचं चाक, आणि मध्ये वीतभर रस्ता. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून ती वीत उरली.

ती त्याला उचलून घरी घेऊन आली. एवढं जड जनावर छातीशी धरून जिने चढून आली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी प्राण्यांच्या डॉक्टरांशी बोलले आहे. नसबंदी करून घेऊ. कारण पुढच्या वेळी मी ह्याला उचलून आणणार नाही. गोळा करून आणीन.”

या पोरीला बोलायला मीच शिकवलं. भोगतोय.

कुत्रा मरता कामा नये, एवढ्यावर घरात एकमत होतं. भांडण उपायावर होतं. मी स्पष्ट सांगितलं, “चूक कुणाची? दाराची. दार उघडं राहिलं म्हणून तो गेला. मग कापाकापी त्याची का? दुरुस्त करायचं तर दार करू.”

“अहो, दार दुरुस्त केल्यावर त्याच्या डोक्यातली ती कुत्री जाणार आहे का?” बायको म्हणाली.

“डोक्यातलं त्याचं त्याने बघावं. प्रत्येकाला स्वतःचं असं काही असतं. त्यालाही स्वातंत्र्य आहे.”

“त्याला आहे. मला भाजी आणायला जायला दार उघडायचं स्वातंत्र्य आहे का तेवढं सांगा.”

बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले जिन्यातून वर आले. पहिले पोस्टमास्तर. पोस्टमनचे पोस्टमास्तर झाले, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, त्यामुळे दुसऱ्यांच्या बाबतीत बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं त्यांना वाटतं.

“ते काम अजिबात करू नका,” ते म्हणाले. “त्याचं एकदा लग्न लावून द्या. जबाबदारी पडली की शांत होतो.”

“मास्तर, कुणाशी लावू? आणि जबाबदारी म्हणजे काय, तो पिल्लांना शाळेत सोडायला जाणार आहे?”

“मग काकडी द्या. शरीरात थंडावा येतो. थंडावा आला की विचार जातात.”

आम्ही काकडी दिली. मुकादमाला काकडी प्रचंड आवडली. आता तो काकडीसाठीही रडायला लागला, बाकीचं रडणं होतं तसंच होतं.

मग मेव्हणा आला. तो दर रविवारी येतो, त्याला निमित्त लागत नाही, पण या वेळी तो गंभीर चेहरा घेऊन आला. “दाजी, ऐकलं ते खरं आहे का?”

“काय ऐकलंस?”

त्याने डोळा मिचकावला.

“नाही करणार,” मी म्हणालो.

“शाब्बास! घराण्याचा प्रश्न आहे.”

“कसलं घराणं? खोक्यात सापडलाय तो.”

“तरी पण दाजी, पुरुषाच्या जातीला असं करणं...” आणि त्याने खुर्चीतल्या खुर्चीत एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट चढवला.

“अरे दादा,” बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “तुझं नाही करणार कुणी! पाय सोड, खुर्ची मोडेल!”

बायकोने शेवटी मधला मार्ग काढला. “पालिकेचं केंद्र आहे ना, तिथे कुत्र्यांची ऑपरेशनं होतात. नुसती चौकशी करून या. चौकशी करायला काही जात नाही.”

जातं. आब जातो. पण मी गेलो, मुकादमाला पट्टा लावून. खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याने कुत्र्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघून विचारलं, “भटका आहे?”

“कोण?”

“कुत्रा.”

“नाही हो. माझा आहे.”

“मग इथे होणार नाही. इथे फक्त भटक्यांचं होतं. मालक असेल तर खाजगीत करायचं.”

“म्हणजे मी मालक नसतो तर इथे झालं असतं?”

“झालं असतं.”

“पण मी मालक नसतो तर ह्याला घेऊन इथे आलोच कशाला असतो?”

“तेच तर,” कारकून म्हणाला. “भटक्यांना कोणी घेऊन येत नाही. त्यांना आमची गाडी जाऊन पकडते. तुम्ही चालत आलात, हेच चुकलं.”

पस्तीस वर्षं नोकरी केलेला, कुणाच्या बापाला न भ्यायलेला माणूस मी. त्या खिडकीसमोर मी कुत्र्याचा पट्टा मनगटाला उगाच दोनदा गुंडाळला. मागे रांगेत उभा असलेला एकजण कळवळून म्हणाला, “काका, कुत्र्याला बाहेर कोपऱ्यावर सोडून द्या ना. गाडी येईल, घेऊन जाईल, करून परत त्याच कोपऱ्यावर आणून सोडेल.” म्हणजे सरकारी कृपा हवी असेल तर आधी आपल्याच कुत्र्याला बेवारस करायचं. माणसांच्या बाबतीतही हाच नियम असतो हे मला माहीत होतं. कुत्र्यांपर्यंत पोचलाय हे माहीत नव्हतं.

घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं, “बघा! सरकारसुद्धा नको म्हणतंय!” आणि त्याच दिवशी दाराच्या कामाला हात घातला.

आता इथे माझा धंदा सांगणं भाग आहे. मी लिफ्ट बसवतो आणि दुरुस्त करतो. चेअरमन मला ‘मेस्त्री’ म्हणतात. मी तंत्रज्ञ आहे. हे त्यांना मी इतक्यांदा सांगितलंय की आता ते ‘काय तंत्रज्ञ मेस्त्री, कसे आहात’ म्हणतात. तर लिफ्टचा साधा नियम असा: जोवर एक दार पक्कं लागत नाही तोवर दुसरी गोष्ट घडत नाही. दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही, लिफ्ट मध्ये असेल तर दार उघडत नाही. या एका नियमावर लाखो माणसं रोज जिवंत घरी जातात. मग एक कुत्रा का नाही जाणार?

आमच्या दाराच्या आत एक अरुंद बोळ आहे, चपला काढायची जागा. त्या बोळाच्या आतल्या टोकाला मी लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवलं. दोन्ही दारांना लिफ्टची जुनी कुलपं, वर वायरिंग. बाहेरचं उघडं असेल तर आतलं उघडणार नाही, आतलं उघडं असेल तर बाहेरचं उघडणार नाही. आणि कोणतंही दार उघडलं की एक घंटी. वीज गेली तर दोन्ही दारं लागलेलीच राहतात, अगदी लिफ्टसारखी, आणि मग ती फक्त तिकोनी चावीने उघडतात. असं काम तुम्हाला मोठ्या बँकेच्या तिजोरीतही बघायला मिळणार नाही.

“आणि मला कुणाला पाणी द्यायचं असेल तर?” बायकोने विचारलं.

“आधी आतलं दार उघडायचं, बोळात जायचं, आतलं लावायचं, मग बाहेरचं उघडायचं.”

“तोवर तो माणूस तहानेने मेला तर?”

चांगल्या यंत्राला घरच्यांचा विरोध असतोच. मी लक्ष दिलं नाही. आणि खोटं का बोलू, यंत्र चाललं! मुकादम आतल्या जाळीवर डोकं आपटून परत फिरायचा. मुलगीसुद्धा गप्प बसली. म्हणजे रोज बोळात उभी राहून दार उघडायची वाट बघताना ती माझ्याकडे जे बघायची ते बोलण्यात धरत नाहीत.

तक्रार आली ती खालून. घंटीमुळे पोस्टमास्तरांची दुपारची झोप मोडत होती. ते चेअरमनना घेऊन वर आले. चेअरमन म्हणाले, “तंत्रज्ञ मेस्त्री, परवानगीशिवाय दाराला हात लावलात. समितीला पाहणी करावी लागेल.”

समिती म्हणजे ते स्वतः. मी म्हणालो, “या ना, बघा की! नुसतं बघू नका, चालवून दाखवतो.”

इथे माझा अभिमान नडला, हे मी कबूल करणार नाही. इथे वीज मंडळ नडलं. दोघे बोळात आले, बाहेरचं दार लागलं. मी आतल्या बाजूला बटणापाशी उभा राहून समजावत होतो. मी म्हणालो, “आता आतलं उघडतो,” आणि आतलं उघडलं. मुकादम झटक्यात बोळात शिरला. मी लगेच दार लावून घेतलं, म्हणजे यंत्राची शिस्त त्यांना दिसावी. आणि वीज गेली.

बोळात चेअरमन, पोस्टमास्तर, मुकादम आणि आमच्या सगळ्यांच्या चपला. अंधार. मुकादमाला वाटलं आपल्याला सवंगडी मिळाले. त्याने चेअरमनच्या पायाला मिठी मारली आणि त्या दिवसांत त्याचं जे एकमेव काम होतं ते सुरू केलं.

“मेस्त्री! हे काय करतोय हा?”

“तो विषय,” आतून माझी बायको म्हणाली.

“घाबरू नका!” मी जाळीतून ओरडलो. “खुंटीवर माझी अवजारांची पिशवी आहे. तिच्यात तिकोनी चावी आहे. ती जाळीच्या दाराला लावा. फक्त जाळीच्या! बाहेरच्या दाराला नाही!”

पोस्टमास्तरांनी चाचपडत चावी काढली. अख्ख्या आयुष्यात एक पत्र चुकीच्या दारी टाकलं नाही म्हणून त्यांचा सत्कार झाला होता. पण चेअरमन एका पायावर उड्या मारत होते, त्यांनी चावी हिसकावली, आणि अंधारात अडकलेल्या कुठल्याही माणसाने जे केलं असतं तेच केलं. बाहेरचं दार उघडलं.

मुकादम गेला. चेअरमनच्या पायातून, जिन्यातून, फाटकातून.

जाळी माझी मलाच उघडेना, चावी पलीकडे. शेवटी पोस्टमास्तरांनी बाहेरून उघडली. मी बनियनवर पळत सुटलो, पायात मिळाल्या त्या चपला, एक माझी, एक बायकोची.

तो रस्त्याच्या मधोमध होता. दुभाजकावर, जेमतेम पाय टेकायला जागा. दोन्ही बाजूंनी गाड्या. भीतीने त्याचा पडलेला कान आणखी पडला होता. मी हाक मारली, “मुकादम!”

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखलं. शेपूट हलवली. तो माझ्याकडे यायला वळलासुद्धा. आणि मग त्याचं नाक पलीकडे वळलं, त्यामागे मान वळली आणि त्यामागे सगळा कुत्रा. त्याला मी नको होतो असं नाही. त्याला मी हवा होतो. पण त्याच्या हातात नव्हतं. मी इतके दिवस ज्याला त्याचं स्वातंत्र्य म्हणत होतो तो पट्टा होता, आणि त्याचं दुसरं टोक धरून कुणीतरी त्याला ट्रकखाली ओढत होतं. दोर तुटलेली लिफ्ट मी एकदा बघितली आहे. खाली जाण्याचं तिला स्वातंत्र्य होतं असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

त्याने पाय उचलला. मी रस्त्यात उतरलो.

एक टँकर माझ्या समोर येऊन नाक घासत थांबला. मी दुभाजकावर चढलो, मुकादमाच्या मानेचं कातडं धरलं, काखेत घातला. त्याने सुटायला माझा हात ओरबाडला. टँकरवाल्याने डोकं बाहेर काढलं.

“मरायचंय का? आणि दोघांनी एकदम?”

“एकाचं चाललं होतं,” मी म्हणालो. “ते थांबवायला आलोय. जा तू.”

घरी न जाता मी तसाच, बनियनवर, दोन रंगांच्या चपलांत, प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कुत्र्याला टेबलावर ठेवून मी म्हणालो, “करून टाका.”

“आज नाही होणार, काका.”

“का?”

“ह्याने काय खाल्लंय आज?”

“काकडी.”

“उपाशीपोटी आणायचा. आधी रक्त तपासू, भूल द्यायची असते.” एवढा निर्धार करून, ट्रक-टँकर थांबवून आलेल्या माणसाला ‘उपाशीपोटी या’ म्हणतात, तेव्हा काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मी खुर्चीत बसलो.

“काका, नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी तो साधू होणार नाही. काही आठवडे जातील. पळायची ओढ बहुतेक कमी होईल. भुंकणं, उड्या, मस्ती कमी होईलच असं नाही. वजन वाढू शकतं, खाण्याकडे लक्ष ठेवायचं. आणि दार तरीही लावायचं.”

मी खाकरलो. आवाज खाली आणला. “एक विचारू? नंतर त्याला... म्हणजे, मनाला लागेल का त्याच्या?”

त्यांनी मुकादमाचा पडलेला कान उचलून आत बघितलं. “भूल उतरल्यावर दुखेल, त्याला औषध देऊ. मनाचं म्हणाल तर, कुत्रे आरशासमोर उभे राहून हळहळत नाहीत. हळहळतात त्यांच्या घरचे पुरुष. त्यांच्यासाठी माझ्याकडे औषध नाही.”

दोन दिवसांनी, रक्त तपासून, उपाशीपोटी ऑपरेशन झालं. दुपारी मुकादम गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून प्लॅस्टिकचं नरसाळं घालून झोकांड्या खात घरी आला, दाराच्या चौकटीला आपटला, टेबलाला आपटला आणि माझ्या पायाशी येऊन घोरायला लागला. संध्याकाळी इमारतीतले पुरुष भेटायला आले. खरोखर आले. रांगेने आले. पोस्टमास्तरांनी हात जोडले. कोणी मोठ्याने बोलेना. चेअरमन म्हणाले, “वाईट झालं हो.” पायाला मिठी मारून घेतलेला माणूस हे म्हणत होता!

मी उठलो. “कोण गेलंय?” मी विचारलं. “सांगा ना, कोण गेलंय? तो बघा, घोरतोय. तुमची मर्दानगी ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे, वर आहे असं सगळे मानतात, चढून कोणी बघत नाही. तिची काळजी तुमच्या घरी जाऊन करा. त्याला टाके पडलेत, झोपू द्या.” ते गेले. बायकोने दार लावलं आणि कितीतरी वर्षांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच पंखा पुसला.

जाळीचं दार मी काढून टाकलं. बायको म्हणाली कपडे वाळत घालायला चांगलं आहे, म्हणून आता ते गॅलरीत आहे.

मग सहा-सात महिन्यांनी, एका रविवारी, मेव्हणा जेवून जायला निघाला आणि मी मुकादमाला पट्टा लावून त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला निघालो. मोठ्या रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो. पलीकडे गाण्याच्या बाई त्यांच्या पांढऱ्या कुत्रीला फिरवत होत्या, आणि तिच्या मागे परिसरातले चार-पाच उमेदवार जिभा काढून चालले होते. वारा तिकडून येत होता. मुकादमाने नाक वर केलं. पट्टा थोडा ताणला. माझी मूठ आपोआप आवळली. मग पट्टा सैल झाला. तो खाली बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला, पलीकडे कोण काय काम नीट करतंय की नाही अशा चेहऱ्याने.

मेव्हण्याने मान हलवली. त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

“काय हे दाजी,” तो म्हणाला. “आता ह्याच्यात उरलं तरी काय?”

समोरून बस धडधडत गेली. तिच्या वाऱ्याने मुकादमाचा पडलेला कान क्षणभर उभा राहिला.

“कुत्रा उरला,” मी म्हणालो.